उजव्या कोपऱ्यातला लाल ठिपका

मी, यशवंत गोविंद पोंक्षे, वय वर्षे बहात्तर, मूळचा मिरजेचा, गेली सेहेचाळीस वर्षे जर्मनीत आखन येथे राहणारा, हे माझे अखेरचे इच्छापत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. घरच्या डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे, आणि ते माझे मित्र नाहीत म्हणून त्यांच्या लिहिण्याला किंमत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तसे आणण्याचा विचार कोणाच्या मनात कधी आलाच नसेल, असे मात्र मी म्हणत नाही.

जर्मन कायदा सांगतो की मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत स्वतःच्या हाताने लिहिले की पुरे, साक्षीदार नकोत. आपल्याकडचा कायदा सांगतो की दोन साक्षीदार हवेतच. दोन्ही कायदे करणारी माणसे माझ्या ओळखीची नाहीत, म्हणून मी दोन्ही पाळणार आहे. मराठीत लिहितो आहे, कारण जर्मनमध्ये मी जन्मभर मोजमापाच्या यंत्रांचे अहवाल लिहिले, मनातले काही लिहिले नाही. कोर्टाने शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावे. तो आमच्या महाराष्ट्र मंडळातला नसावा.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी आणून दाखवले तर ते खोटे समजावे.

कलम १. माझी माणसे. माझी पत्नी सौ. वसुधा मार्च २०२२ मध्ये आखन येथेच वारली. आम्हाला एकच मुलगी, उर्जा. ती, तिचे यजमान देवदत्त आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी तनया एश्बॉर्नला राहतात. देवदत्तराव सॉफ्टवेअरच्या कंपनीत सल्लागार आहेत. कोणाला कसला सल्ला देतात ते मी पुष्कळदा विचारले, पण समजेल असे उत्तर मिळाले नाही. जावई हा दहावा ग्रह, असे आमच्याकडे म्हणतात. हा ग्रह शांत आहे, कमी बोलतो, जेवताना वाढून घेतो आणि स्वतःचे ताट विसळतो. एवढ्या चांगुलपणामागे काय आहे, हे मला सतरा वर्षांत कळलेले नाही.

कलम २. घर. आखनमधील तिसऱ्या मजल्यावरची माझी सदनिका उर्जाला द्यावी. तळघरातल्या खोलीला दोन कुलपे आहेत. दुसऱ्याची किल्ली पोह्यांच्या डब्यात आहे. समोरच्या दारातले हेर, म्हणजे श्रीयुत, क्रिंग्स मला भेटायचे म्हणून शेवटच्या दिवशी आले तर येऊ द्यावे, कॉफी द्यावी, पण घरात एकटे सोडू नये. आमच्या प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत त्यांच्या घरचे दह्याचे डबे निघतात. ते न धुतलेले असतात आणि तक्रारीची चिठ्ठी मात्र माझ्या दाराला लागते.

कलम ३. ठेवी. बँकेत जे असेल ते निम्मे उर्जाला आणि निम्मे तनयाला, ती पंचवीस वर्षांची झाल्यावर. आकडा लिहीत नाही. हा कागद किती हातांतून जाईल, मला ठाऊक नाही.

कलम ४. हत्यारे. माझे मायक्रोमीटर, व्हर्नियर कॅलिपर आणि काटकोन्या तनयाला द्यावीत. ती माझ्याशी जर्मनमध्ये बोलते आणि मी मराठीत, पण मायक्रोमीटर तिने पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा बरोबर धरले. प्रेशर कुकर कोणालाही द्यावा, फक्त माझी वहिनी सरला हिला नको. तिने तो १९९३ साली पंधरा दिवसांसाठी नेला आणि परत आणला तेव्हा त्याची शिट्टी दुसरीच होती. ती अजून नाकबूल करते.

कलम ५. चित्र. खरे तर या एका कलमासाठी मी लिहायला बसलो आहे.

दिवाणखान्यात बुटक्या कपाटाच्या वर जे चित्र लावलेले आहे, ते डॉ. उर्स त्सुमब्रुन यांनी काढलेले आहे. पांढऱ्यावर तीन निळे चौकोन, प्रत्येक जरासा वळवून ठेवलेला, आणि त्यांच्याखाली एक काळी आडवी पट्टी. बाकी काही नाही. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. घरी आले त्याच दिवशी मी काटकोन्या आणि कॅलिपर घेऊन ते मापले. बाजू सारख्या, कोपरे काटकोनात. चूक सापडली नाही याचाच मला राग आला.

त्सुमब्रुन हे स्विस गृहस्थ, डोळ्यांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना आमच्या घरापासून दोन थांब्यांवर होता आणि वसुधा तिथे नऊ वर्षे स्वागताच्या टेबलावर काम करत होती. पहिल्याच वर्षी दसऱ्याला ती पर्समध्ये कुंकवाचा करंडा घेऊन गेली आणि डोळे तपासायच्या यंत्राला, भिंगांच्या पेटीला कुंकू लावून आली. मी म्हटले, आता ही नोकरी गेली. गेली नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनीच तिला विचारले, "फ्राउ पोंक्षे, यंत्रांचा दिवस यंदा कधी आहे?" तेव्हाच मला वाटले की इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.

१९९६ साली या माणसाने चालता दवाखाना बंद केला आणि तिथे फावल्या वेळात काढायचा ती चित्रे पूर्णवेळ काढायला लागला. वय पन्नास, बायको नाही, मूल नाही. कामावरच्या चौघींना त्याने सांगितले, निरोपाची भेट तुमची तुम्ही निवडा. तिघींनी मनगटी घड्याळे घेतली. वसुधाने हे चित्र मागितले. का मागितले, हे मी तिला विचारले. "आवडलं," म्हणाली. पुढे पंचवीस वर्षे मी तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला आणि उत्तर तेच आले.

त्या वर्षी दसऱ्याला तिने घरातल्या सगळ्या वस्तूंची पूजा केली. माझी हत्यारे, शिवणयंत्र, मोटार, आणि मग हे चित्र. कुंकवात खोबरेल तेलाचा थेंब घालून अनामिकेने चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक ठिपका लावला. चित्रावर. काचेवर नव्हे, कारण काच नाहीच. मी म्हटले, अगं, वस्तू खराब केलीस. ती म्हणाली, "हे आता त्यांचं हत्यार ना?"

पुढच्या महिन्यात डॉक्टर कॉफीला आले. भिंतीसमोर उभे राहून पुष्कळ वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. वसुधाने दसऱ्याचे सांगितले. ते म्हणाले, "आल्झो, तर मग. आता झालं पूर्ण." आणि हसले. मी हातात चकल्यांची बशी घेऊन उभा होतो. ते हसणे मला आवडले नाही, आजही आवडत नाही.

त्यानंतर त्या माणसाने काढलेल्या प्रत्येक चित्रात उजव्या कोपऱ्यात खाली एक लाल ठिपका आहे. बाझेलला, झ्युरिकला, कोलोनला त्यांची प्रदर्शने झाली. जाणकारांनी लिहिले की हा ठिपका म्हणजे डोळ्याचा पडदा, कोणी लिहिले की सोडलेल्या पेशाची जखम. माझ्या बायकोच्या बोटाचा ठसा एक परका पुरुष मरेपर्यंत गिरवत बसला, आणि संशयी म्हणून नाव माझे झाले.

वसुधा दर दसऱ्याला तो ठिपका ताजा करायची. ती गेल्यावर मी एकदाही कुंकू लावलेले नाही. पंचवीस वर्षे मी ते चित्र भिंतीवर सहन केले, त्याची पूजा करणे माझ्याच्याने होणार नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. या जुलैत माझी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर घरी येऊन पाहतो तर चित्र बदललेले. पांढरा होता पिवळट, तो झाला पांढराशुभ्र. निळा होता करडा, तो झाला निळाभोर. आणि तीन वर्षे कोणी हात न लावलेला ठिपका, जो वाळून तपकिरी व्हायला हवा, तो लालभडक. माझी खात्री झाली की अस्सल चित्र कोणीतरी नेले आणि नक्कल टांगून ठेवली. उर्जाला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, ऑपरेशननंतर सगळ्यांनाच रंग ब्राइट दिसतात. गेनाऊ, अगदी असंच असतं." आपण मूर्ख आहोत असे पोटच्या मुलीने सांगितले की फार बोचते.

संशय कोणावर ते लिहितो. गेल्या वर्षी देवदत्तरावांनी या चित्राचे फोनवर फोटो घेतले. एक नव्हे, जवळून, लांबून, कोपऱ्याचा वेगळा. मी विचारले तर "असंच, बाबा" म्हणाले. मे महिन्यात त्यांनी विचारले, "बाबा, या पेंटिंगचा इन्शुरन्स आहे का?" ज्याला वस्तू हवी असते तोच तिचा विमा विचारतो.

ऑगस्टमध्ये मी कोलोनहून एका लिलावगृहाच्या तज्ज्ञ बाईंना बोलावले. त्यांनी दिवा लावून, भिंग लावून चित्र पाहिले. म्हणाल्या, चित्र अस्सल आहे, हातही लागलेला नाही, तुमचे डोळे नवे झाले आहेत. म्हणजे उर्जा बरोबर होती. पण ठिपक्यापाशी त्या थांबल्या. "हा मात्र डॉक्टरांचा नाही," म्हणाल्या. "त्यांचे ठिपके पुढच्या वर्षापासून सुरू होतात. हा कोणीतरी नंतर लावला आहे, आणि तो ताजा आहे. पुसून घ्या, चित्र निर्मळ होईल." मी खरी गोष्ट त्यांना सांगितली नाही. मी घरातले बाहेर बोलत नाही.

तर मग तो ताजा ठिपका कोणाचा? वसुधाचा तिच्याबरोबर गेला. कोणीतरी माझ्या घरात शिरून, माझ्या बायकोच्या खुणेवर, नक्कल जमते का म्हणून हात साफ करून घेतो आहे. अशा ठिपक्याला मी जपणार नाही. म्हणून माझी आज्ञा अशी: माझ्यामागे त्या तज्ज्ञ बाईंकडून ठिपका पुसून घ्यावा, चित्र विकावे आणि रक्कम अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावी. उर्जाला कायद्याने जो हक्काचा हिस्सा, फ्लिश्टटाइल, मिळायला हवा तो घर आणि ठेवींतून भागतो, हे मी तपासले आहे. देवदत्तरावांच्या हाती हे चित्र जाऊ नये.

आखन, २१ सप्टेंबर २०२५. य. गो. पोंक्षे.

पुरवणी

वरचे पाचवे कलम मी रद्द करीत आहे. खोडत नाही, कारण खोडले की लोकांना वाटते खाली काहीतरी भलतेच होते.

आज ३ ऑक्टोबर. दसरा काल झाला, आम्ही आज केला. जर्मनीच्या एकीकरणाची सुट्टी असल्याने एश्बॉर्नहून सगळ्यांना येता आले. या देशात आमचे सण तिथीला येत नाहीत, सुट्टीला येतात. मी टेबलावर हत्यारे मांडली. आपटा मिळत नाही, म्हणून दरवर्षीप्रमाणे बागेतून गिंकोची पाने आणली. तीही मधे चिरलेली असतात, चालून जातात. उर्जा स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. मी मोठ्याने म्हणालो की तळघरातून मध आणतो, दार वाजवले आणि गेलो नाही. पॅसेजमध्ये कोटांच्या खुंटाळ्याशी उभा राहिलो. तिथून आरशात दिवाणखाना दिसतो. हा आरसा मी ऑगस्टमध्ये हलवून मुद्दाम तिथे लावला होता.

देवदत्तराव उठले. पूजेच्या तबकातून करंडा उचलला. खिशातून एक लहानशी बाटली काढली, कुंकवात थेंब टाकला, अनामिकेने कालवले. मग बुटक्या कपाटाशी वाकून चित्राच्या कोपऱ्यात ठिपक्यावर ठिपका लावला आणि हात जोडले.

चोर सापडला म्हणून मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. हात का जोडले, हे मला कळेना.

"काय चाललंय, देवदत्तराव?" मी आत जाऊन विचारले.

ते दचकले. "बाबा, सॉरी. म्हणजे, आईंनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या वीकमध्ये. म्हणाल्या, दसऱ्याला त्या चित्राचं कुंकू चुकायला नको. हे काही लावणार नाहीत. तुम्ही लावाल का?"

"उर्जाला का नाही सांगितलं?"

"उर्जा वाद घालेल म्हणाल्या. आणि भांडणात तुम्हाला बोलून दाखवेल."

"आणि मला?"

देवदत्तराव चष्मा पुसू लागले. "तुम्हाला कळलं तर चित्र खाली उतरेल, असं म्हणाल्या."

हे खरे आहे. उतरले असते.

"मग ते फोटो कशाला?"

"पोझिशनसाठी, बाबा. लास्ट इयर आलो तेव्हा अर्धा ठिपका गळून पडला होता. फॅमिलीचे जुने फोटो झूम करून मी जागा मार्क केली. इकडेतिकडे झाला असता तर तुम्ही मोजलं असतंत."

मोजले असते, हेही खरे आहे.

"आणि विमा?"

"तुमच्या हाउसराटमध्ये, म्हणजे घरसामानाच्या विम्यात, पेंटिंग कव्हर होत नाही. वेगळं घ्यावं लागतं. म्हणून विचारलं."

सोफ्यावरून तनया फोनमधून डोके वर न काढता म्हणाली, "आजोबा, दास माख्त पापा डोख इमर." पप्पा हे नेहमीच करतात, असे. म्हणजे पोरीलाही ठाऊक होते. या घरात मी एकटाच पाळत ठेवून होतो आणि मलाच काही ठाऊक नव्हते.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी पंचवीस वर्षे तिला विचारला होता. जावयाला विचारण्यासारखा तो नव्हे, पण आता दुसरे कोणी उरलेले नाही. "ते चित्र तिने का मागून घेतलं, हे कधी म्हणाली का?"

देवदत्तरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हणाल्या होत्या. रागावणार नाही ना?"

"रागावलो तर रागावलो. सांगा."

"म्हणाल्या, हे ऑफिसातून आले की घरातल्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी चुकलेलं सापडतं. भाजीत, पडद्यात, माझ्यात. डॉक्टर ते चौकोन पट्टी लावून पुन्हापुन्हा तपासायचे ते मी बघत होते. म्हटलं, यांना दोष सापडणार नाही अशी एक तरी वस्तू घरात असावी. म्हणून मागितलं."

उर्जाने आतून पुऱ्या झाल्याची हाक मारली. मी जाऊन जेवायला बसलो. पुऱ्यांना नाव ठेवले नाही.

मला तिची फार आठवण येते, हे कायदेशीर कागदात लिहिता येते की नाही मला माहीत नाही. लिहिले आहे.

तर सुधारित कलम ५ असे: हे चित्र माझे जावई देवदत्त यांना, त्यांच्या एकट्याच्या नावे द्यावे. ठिपका कोणत्याही तज्ज्ञाने, कितीही निर्मळतेच्या नावाखाली, पुसू नये. दर दसऱ्याला, किंवा जवळच्या सुट्टीला, त्याला कुंकू लागावे. देवदत्तरावांनंतर चित्र तनयाकडे जावे आणि ते बोट तिचे असावे. जोवर लावणारे कोणी आहे तोवर चित्र विकू नये. त्या ठिपक्याची खरी हकीकत कोलोनला, झ्युरिकला, कोणालाही सांगू नये. त्यांना तो डोळ्याचा पडदा वाटतो, तोच वाटू द्यावा. पुरावा मागतील आणि वसुधाचे नाव चारचौघांत चघळले जाईल.

हे कलम मी हयात असेपर्यंत देवदत्तरावांना कळू नये. जावयाला एकदा का आपली किंमत कळली की तो ताट विसळायचा थांबतो. माझा संशय खोटा होता असेही कोणी या कागदावरून काढू नये. ठिपका कोणीतरी लावत होते, हे मी बरोबरच ओळखले होते. डॉक्टरांच्या हसण्याबद्दलचे माझे मत कायम आहे. कुकरच्या शिट्टीबद्दलचेही.

जर्मन कायद्यात सहीच्या खाली लिहिलेले धरत नाहीत, म्हणून एक खुलासा सहीच्या वरच करतो. या पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक लाल डाग दिसेल. जेवण झाल्यावर सगळे फिरायला गेले तेव्हा मी करंडा घेतला, देवदत्तराव विसरून गेलेल्या बाटलीतले तेल घेतले आणि त्या ठिपक्यावर माझे बोट टेकवले. जागा मोजली नाही. मग हा कागद पुरा करायला बसलो आणि हात पुसायचा राहिला. कोर्टाने याला खाडाखोड समजू नये. हा डाग या मृत्युपत्राचाच भाग आहे.

यशवंत गोविंद पोंक्षे
(सही)

साक्षीदार. खालील दोघे सोने द्यायला घरी आले होते. दोघांनाही या मृत्युपत्रान्वये काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना निवडले आहे.

आम्ही लिहून देतो की श्री. पोंक्षे यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनी आम्हाला मजकूर वाचू दिला नाही. सही होईपर्यंत मजकुरावर दुसरा कागद धरून ठेवला होता. फक्त कोपऱ्यातला लाल डाग त्यांनी आम्हाला दोनदा दाखवला. सही झाली तेव्हा तो अजून ओला होता.

१. शोभना मुजुमदार, निवृत्त परिचारिका, आखन (सही)
२. हरीश वैशंपायन, संशोधक विद्यार्थी, आखन (सही)

स्थळ: आखन
दिनांक: ३ ऑक्टोबर २०२५